इंटरनेट घरात हवे, फक्त खिशात नको

आपल्या मोहल्ल्यात कुणाला फ्रिज घ्यायचा असला तर तो चार दुकाने फिरतो. मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवायचा असला तर अख्खे खानदान चौकशीला निघते. इंटरनेटची वेळ आली की मात्र आपण दोनच गोष्टी विचारतो : "कितने का है?" आणि "स्पीड कितनी है?" उत्तर मिळाले की केबलवाल्याला हो म्हणतो, नाहीतर मोबाइलचा रिचार्ज मारून मोकळे होतो.

गेली अनेक वर्षे मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. अभियंता नाही, कुठल्या कंपनीची एजंटही नाही. तरी या विषयावर लिहिते आहे, कारण इंटरनेटचा प्रश्न आता सरळ वर्गात येऊन बसला आहे. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, आरटीईचा अर्ज ऑनलाइन, सीईटीचा अर्ज ऑनलाइन, हजचा अर्जही ऑनलाइन. अशा काळात कोणते कनेक्शन घ्यायचे हा प्रश्न गाडी कोणती घ्यायची यासारखा शौकाचा उरत नाही. तो वह्या-पुस्तकांच्या शेजारी येऊन बसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की कनेक्शनची तुलना करताना स्पीड आणि किंमत यांच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा : हे इंटरनेट घरात कुणाकुणाला मिळणार आहे?

मोबाइल कुणाबरोबर जातो?

मोबाइलचा डेटा ज्याच्या खिशात फोन त्याचा असतो. अब्बा कारखान्यात गेले की त्यांच्याबरोबर इंटरनेट गेले. भाई बाहेर पडला की त्याचेही गेले. घरात उरतात अम्मी, मुली आणि लहान मुले, आणि फार तर एखादा जुना फोन, ज्याच्यावर दिवसाचा दीड जीबी डेटा असतो. दीड जीबी ऐकायला बरा वाटतो. पण साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला अंदाजे अर्धा जीबी खातो. म्हणजे दीड जीबीत तीन तास. तीन भावंडे असली तर प्रत्येकी एक तास, आणि तोही अम्मीने कुणाला व्हिडिओ कॉल केला नसेल तर.

दहावीच्या मुलींच्या गटावर मी दुपारी चार वाजता सराव-पत्रिका टाकते. काही मुलींची उत्तरे संध्याकाळीच येतात, काहींची रात्री साडेदहानंतर. पहिल्या वर्षी मला वाटले, या मुली रात्री जागून अभ्यास करतात. विचारल्यावर एकीने साधे उत्तर दिले, "टीचर, भाई का फोन रात को मिलता है." ती मुलगी हुशार आहे, मेहनती आहे आणि भावाबद्दल तिची काही तक्रारही नाही. फोन भावाचा, हे तिने मान्यच केले आहे. पण तिच्या अभ्यासाची वेळ भावाच्या घरी येण्यावर ठरते, ही गोष्ट मला मान्य नाही.

वायरचे कनेक्शन कुणाच्या खिशात जात नाही, ते घरात राहते. स्पीड थोडा कमी असला तरी चालेल, पण दुपारी दोन वाजता घरात जे कुणी आहे त्याला ते मिळते. ब्रॉडबँड आणि मोबाइल यांच्यातला हा फरक कुठल्याही जाहिरातीत छापलेला नसतो आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा आहे.

पण परवडते का?

हा प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडू.

२०२० साली घरगुती फायबरच्या किमती एकदम खाली आल्या. सप्टेंबरमध्ये जिओने ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसचा आणि एअरटेलने ४९९ रुपयांत ४० एमबीपीएसचा प्लॅन आणला. पाठोपाठ बीएसएनएलचा ४४९ रुपयांचा आला. स्वस्त प्लॅनची पातळी तेव्हापासून साधारण तिथेच धरून चाला. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून ३९९ चे प्रत्यक्षात ४७१ रुपये होतात. वर्षाचे झाले साधारण ५,६५० रुपये.

आता मोबाइल घ्या. घरात चार फोन आहेत आणि प्रत्येकावर दीड जीबीचा पॅक आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर असा पॅक २८ दिवसांना साधारण ३०० रुपयांना पडतो. २८ दिवसांचा 'महिना' धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. चार फोन गुणिले तेरा गुणिले ३०० म्हणजे १५,६०० रुपये.

दुसरी मांडणी अशी : बाहेर काम करणाऱ्याच्या एका फोनवर डेटा ठेवा, ३,९०० रुपये. उरलेल्या तीन फोनवर फक्त बोलण्याचा पॅक घ्या. ट्रायच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना असे पॅक आणावे लागले. साधारण साडेचारशे रुपयांत ८४ दिवस मिळतात, म्हणजे एका फोनचे वर्षाला १,९५० आणि तिघांचे ५,८५०. त्यात फायबरचे ५,६५० मिळवा. एकूण १५,४०० रुपये.

खर्च जवळपास तेवढाच आहे. घरात दोघे बाहेर जात असतील आणि दोघांना डेटा लागत असेल, तर महिन्याला दीड-पावणेदोनशे रुपये जास्त जातील. बदल्यात काय मिळते? ४५ जीबीच्या मासिक मर्यादेऐवजी फायबरवर बहुधा ३,३०० जीबीची मर्यादा असते. साध्या कुटुंबाला ती महिनाभरात संपवता येत नाही. शिवाय घरातले सगळे फोन वाय-फायवर चालतात.

आकड्यांच्या मागे काय असते

जाहिरातीत '१०० एमबीपीएस' लिहिलेले असते. त्यातला 'बी' बिटचा आहे, आपली फाइल बाइटमध्ये मोजतात आणि आठ बिटचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसवर एका सेकंदाला १०० एमबीची फाइल उतरणार नाही, साडेबारा एमबीच उतरेल. कंपनी खोटे बोलत नाही, आपण वाचताना घाई करतो.

दुसरी गोष्ट, घरगुती फायबर सामायिक असते. रस्त्यावरून आलेली एक तार एका छोट्या डबीतून अनेक घरांत वाटली जाते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या तंत्रात एका तारेची उतरती क्षमता सुमारे २,५०० एमबीपीएस असते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ येतील. सगळे एकाच क्षणी जोर लावत नाहीत म्हणून हे गणित चालते. संध्याकाळी सातनंतर नेट मंद होण्याचे एक कारण हेही असते. म्हणून शेजाऱ्याला विचारायचे असेल तर स्पीड किती आहे ते विचारू नका, रात्री नऊला कसे चालते ते विचारा.

तिसरी गोष्ट, चढती गती, म्हणजे अपलोड. आपण फक्त पाहत असू तर उतरती गती पुरते. पण मुलीला वर्गात कॅमेऱ्यावर बोलायचे असेल, दाखल्यांचे स्कॅन चढवायचे असतील, घरी शिलाई करणाऱ्या बाईला कपड्यांचे फोटो आणि व्हिडिओ ग्राहकाला पाठवायचे असतील, तर अपलोड लागतो. काही कनेक्शनांवर तो डाउनलोडइतकाच असतो, काहींवर त्याच्या दहावा हिस्सा. पत्रकावर तो नसेल तर विचारून लिहून घ्या.

मग घराला पुरते किती? चांगल्या दर्जाच्या एका व्हिडिओ-वर्गाला चार-पाच एमबीपीएस लागतात. चार जण एकाच वेळी पाहत असले तरी वीस. म्हणजे सर्वसाधारण घराला ३० ते ४० चा प्लॅन भरपूर झाला. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन राउटर पुढच्या बैठकीत लोखंडी कपाटामागे ठेवला, तर आतल्या खोलीत बसणाऱ्या मुलीला काहीच मिळत नाही. भिंत आणि स्लॅब वाय-फायला अडवतात. राउटर घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. पाहुण्यांच्या खोलीपेक्षा अभ्यासाच्या खोलीत रेंज आली पाहिजे.

चार वाटा

आज घरासाठी ढोबळमानाने चार पर्याय आहेत.

मोठ्या कंपनीचे फायबर : स्थिर, स्वस्त, पक्की पावती. मात्र तक्रार केली की माणूस कधी येईल ते गावावर आणि गल्लीवर अवलंबून.

स्थानिक केबलवाल्याचे फायबर : तो ओळखीचा असतो, तार तुटली तर संध्याकाळपर्यंत स्वतः शिडी घेऊन येतो. मोठ्या कंपनीकडे ही गोष्ट नाही, तिची किंमत धरायला हवी. पण अनेकदा पावती मिळत नाही, तक्रारीचा क्रमांक मिळत नाही आणि 'पन्नासचा प्लॅन' नेमका कुणाच्या लाइनवरून येतो ते कळत नाही. केबलवाल्याशी संबंध चांगले ठेवा आणि पावतीही मागा. दोन्ही एकत्र चालते.

हवेतून येणारे ५-जी कनेक्शन : एअरटेलने आणि जिओने ते २०२३ मध्ये सुरू केले. छतावर किंवा खिडकीत छोटा अँटेना बसतो, खांब-खोदाई लागत नाही. जिथे तार पोहोचत नाही तिथे आणि भाड्याच्या घरात ते सोयीचे. पण टॉवर सामायिक असतो आणि मध्ये उंच इमारत आली तर फरक पडतो. वर्षभराचे पैसे आगाऊ भरण्याआधी महिनाभर वापरून पाहा.

चौथा पर्याय मोबाइलचा हॉटस्पॉट. एकट्या माणसाला आणि प्रवासात ठीक, कुटुंबाला नाही.

आमच्या मालेगावसारख्या गावात आणखी एक बाब धरावी लागते : लाइट. फायबर आले तरी घरातली डबी आणि राउटर विजेवर चालतात. लाइट गेली की नेट गेले. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, दोन-तीन तास तग धरतो. परीक्षेच्या आणि अर्जांच्या दिवसांत तो पैसे वसूल करतो.

दुकान आणि कारखान्याचा हिशेब वेगळा

घरात नेट दोन तास बंद राहिले तर चिडचिड होते, धंद्यात बंद राहिले तर नुकसान होते. ५० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागते. ते निघाले नाही तर कापडाचे तागे भरलेला ट्रक उभा राहतो. सेवा केंद्रात अकरावीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी नेट गेले तर बाहेर उभ्या तीस पोरांचा दिवस बुडतो.

तरीही आपल्याकडे बहुतेक दुकानांत घरगुती प्लॅनच चालतो. स्वस्त पडतो हे खरे, पण बहुतेक कंपन्यांच्या अटींत घरगुती जोडणीचा व्यावसायिक वापर बसत नाही आणि तार तुटल्यावर दुकानदाराला कुणी आधी धाव देत नाही. व्यवसायाचा प्लॅन घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, चालू राहण्याची लेखी हमी. '९९ टक्के' हा आकडा भारी वाटतो. महिन्याचे ७२० तास असतात, त्याचा एक टक्का सात तासांहून जास्त. ९९.५ टक्के म्हणजे साडेतीन तासांहून थोडे अधिक, ९९.९ म्हणजे फक्त ४३ मिनिटे. दशांश चिन्हानंतरच्या अंकाचेच जास्त पैसे असतात. पूर्ण राखीव लीज्ड लाइन घरगुती प्लॅनच्या कित्येक पट महाग असते. रुग्णालयाला, मोठ्या कार्यालयाला ती शोभते, चहाच्या दुकानाला नाही.

दुसरी, जीएसटी क्रमांकासह बिल. तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल तर धंद्यासाठी घेतलेल्या इंटरनेटवरचा १८ टक्के कर वजावटीत मिळतो. पावती न देणाऱ्याचे 'स्वस्त' नेट त्या हिशेबात महाग पडते.

तिसरी, दुसरी वाट. छोट्या धंद्याला महागड्या लाइनपेक्षा दोन स्वस्त कनेक्शन बरी : एक फायबर आणि एक ५-जी सिमचे. दोन्ही फायबरच घेतली आणि दोन्ही तारा एकाच खांबावरून आल्या, तर ट्रकचा एक धक्का दोन्ही तोडतो. स्थिर आयपी पत्त्यासाठी जास्त पैसे देण्याआधी तो लागतो का ते विचारा. आजचे बहुतेक सीसीटीव्ही त्याच्याशिवाय मोबाइलवर दिसतात.

जिथे निवड करायला काही नसते

इथवर मी तुलनेबद्दल लिहिले. पण तुलना करायला किमान दोन गोष्टी लागतात. आपल्या कितीतरी गल्ल्यांत एकच तार येते. कंपनीच्या नंबरवर फोन केला की पत्ता विचारतात आणि म्हणतात, "तुमच्या एरियात फिजिबिलिटी नाही." रस्त्याच्या पलीकडे मात्र असते.

'एरिया' हा शब्द आपल्याला नवा नाही. काही बँका मुस्लिम वस्त्यांना निगेटिव्ह झोन ठरवून कर्ज नाकारतात, ही बाब २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंदवलेली आहे. इंटरनेटच्या बाबतीतही दरवेळी तेच कारण असते असे मी म्हणणार नाही. अरुंद गल्ली, खांबांची अडचण, एखाद्या केबलवाल्याची दादागिरी, इमारतीच्या मालकाची ना, अशी कारणे असू शकतात. पण कारण समजले पाहिजे आणि ते एकट्याने विचारून समजत नाही. एका घराची मागणी कंपनी टाळते. चाळीस घरांनी सह्या करून, पत्त्यांसह अर्ज दिला तर तिलाही धंदा दिसतो. जलसा आणि उर्स यांसाठी आपण आठवड्यात वर्गणी गोळा करतो. चाळीस सह्या त्यापेक्षा अवघड नाहीत.

आणखी एक वाट आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकान, चहाची टपरी किंवा अभ्यासिका सार्वजनिक वाय-फाय देऊ शकते, त्यासाठी परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. अशा छोट्या केंद्रांकडून कंपन्यांनी घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेऊ नये, असे जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवून दिले. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत मुलींसाठी दुपारचे तीन तास राखून हे केले, तर ज्या घरांना ४७१ रुपयेही जड आहेत त्यांची सोय होईल.

तक्रारीबद्दलही सांगते, कारण आपण केबलवाल्याशी भांडतो पण तक्रार नोंदवत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्या. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येते, फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

'मुलं बिघडतील' याबद्दल

हे वाचून काही वडीलधारे म्हणतील, घरात नेट आणले तर मुले, विशेषतः मुली बिघडतील. ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही, मीही आई आहे. पण बिघडवणारी गोष्ट घरात आधीच आलेली आहे. मुलाच्या हातातला एकट्याचा फोन आणि त्यावरचा डेटा कुणाला दिसत नाही. घरच्या राउटरवर वेळ ठरवता येते, आणि राउटरच्या डीएनएसमध्ये १.१.१.३ हा पत्ता घातला तर अश्लील संकेतस्थळे बरीचशी अडतात, त्याला पैसे लागत नाहीत. देखरेख हवी असेल तर ती घरच्या वाय-फायवर जास्त सोपी आहे. आणि तोच नियम मुलालाही लावा.

केरळमध्ये फहीमा शिरीन या बी.ए.च्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढले होते, कारण ठरलेल्या तासांत मोबाइल जमा करायला तिने नकार दिला. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या अधिकाराचा आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले. ती मुलगी कोर्टात गेली. आपल्या मुली कोर्टात जाणार नाहीत. त्या रात्री साडेदहापर्यंत भावाच्या फोनची वाट पाहतील आणि निकालाच्या दिवशी दोन टक्के कमी पडले तर स्वतःलाच दोष देतील.

म्हणून पुढच्या वेळी नेटची चौकशी कराल तेव्हा किंमत विचारा, अपलोड विचारा, रात्री नऊची स्थिती विचारा, पावती मागा. पण त्याआधी घरातल्या मुलीला विचारा : तुला नेट किती वाजता लागते? तिच्या उत्तरावरून प्लॅन ठरवा.